मानेचा पट्टा

—नाही नाही, बसा तुम्ही, उभं राहायचं काही कारण नाही, हे काही कोर्ट नव्हे. अशा समोर बसा, अगदी समोर, मला मान वळवता येत नाही. हा पट्टा बघताय ना — डॉक्टर म्हणाले, एकतीस वर्षं खाली बघून लिहिलंत, आता सहा महिने सरळ बघा. तर तुम्ही त्याची बहीण. दारात ‘आगीचा खटला’ एवढंच म्हणालात आणि मी ओळखलं. तीन पत्रं आली तुमची, उत्तर दिलं नाही — काय देणार? थांबा, आधी माझं होऊ दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघा, निवृत्त झालो तरी समोरच्याला गप्प करायची सवय काही सुटत नाही.

तुम्हाला वाटतं, मी चार ओळी लिहून दिल्या की भाऊ सुटेल. कुणाला लिहून देऊ? निकालावर सही झाली की तो माझा राहत नाही. चूक असेल तर ती वरच्या कोर्टानं बघायची — आणि त्यांनी बघितलं की. शिक्षा कायम. का कायम? मला पाठ आहे ते: ‘खालच्या न्यायाधीशांनी साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिले आहे, तिचा चेहरा, तिचे हावभाव न्याहाळले आहेत, त्यांनी विश्वास ठेवला असेल तर आम्ही नुसत्या कागदावरून ढवळाढवळ का करावी?’ झालं. एका साक्षीवर दहा वर्षं. जळलेल्या दुकानासमोरच्या शर्टांच्या कारखान्यात शिवणारी बाई म्हणाली, दुकान पेटल्यावर यालाच पळताना पाहिलं — दुसरा पुरावा काय होता? काही नव्हता.

आता सांगतो — सांगू नये, पण सांगतो. मी तिला पाहिलंच नाही. चेहरा, म्हणजे. अहो, कसा पाहणार? साक्षीदार बोलतो, मी लिहितो, स्वतःच्या हातानं, मान कागदावर. पहिल्या नेमणुकीच्या गावी टंकलेखकच नव्हता, तिथं सवय लागली. पुढं दर तीन वर्षांनी गाव बदललं, टंकलेखक मिळाले, सवय तीच. लोक म्हणायचे, साहेब अगदी नाकासमोर चालणारे. बायको म्हणायची, लग्नातसुद्धा तुम्ही माझ्याकडे नाही, सहीच्या वहीकडे बघत होतात. ती आजारी पडली तेव्हाही मी — असो. सांगत काय होतो, मला दिसायचा कागद, आणि कागदाच्या वरच्या कडेला साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा. कठड्यावर हात. एकतीस वर्षं मी हात पाहिले, माणसं नाही.

तिचेही पाहिले. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, मशीनची सुई आरपार गेली असणार कधीतरी. वकिलानं विचारलं, हाच का तो माणूस — आणि त्या हातांनी कठडा असा आवळला की बोटं पांढरी पडली. बराच वेळ. मग म्हणाली, हो. मी काय लिहिलं? ‘हो.’ मधल्या वेळाला कागदावर जागा नसते. तेव्हा वर बघायला हवं होतं, ती कुणाकडे बघत होती ते कळलं असतं. मागच्या बाकावर जळलेल्या दुकानाचा मालक रोज येऊन बसायचा, शिपायानं नंतर सांगितलं, आणि तिचा कारखानाही त्याचाच. निकालात मात्र मी लिहिलं, ‘साक्षीदाराने न अडखळता ओळख पटवली.’ का लिहिलं? अहो, सगळेच तसं लिहितात. शनिवार होता, तीन निकाल द्यायचे होते. मला लाज वाटते, बाई, पण लाज वाटून कुणी तुरुंगातून सुटत नाही.

रडू नका. काय म्हणालात — ती बाईच आली आणि खोटं बोलले म्हणाली तर? तर काय, वरातीमागून घोडं. खोट्या साक्षीबद्दल तिलाच आत टाकतील, आणि भाऊ सुटेलच असं नाही. विचारतील, शपथेवरचं खरं धरायचं की आजचं? मुलंबाळं असतील तिला, नोकरी त्याच मालकाकडे. तिनं मला विचारलं ना, तर मी सांगेन, गप्प बस.

निघालात? बरं. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. खुर्चीला धरून उभ्या राहा जरा, चक्कर येतेय का तुम्हाला, बोटं बघा कशी —

थांबा. डावा हात काढू नका. राहू द्या तिथंच.

तुम्ही बहीण नाही.

मी तुम्हाला धड बोलूच दिलं नाही. बसा, बाई. ते गप्प बसायचं मी म्हणालो ते — ते खरं धरू नका, तुम्ही बोला, काय होईल ते होईल, मी येतो तुमच्याबरोबर, जिथं सांगाल तिथं. आज मी बघतोय तुमच्याकडे. अशा बाजूला जाऊ नका, समोर या. मला मान वळवता येत नाही.

बाई, तुम्ही आहात ना अजून दारात?