डोंग्याच्या शिनेमातला दिवा

मी मूळचा गोंडपिपरीकडचा. घरात सगळे बोलणारे, बाजारात उभे राहिले तर चार दुकानांपलीकडे ऐकू जाईल असे त्यांचे आवाज, आणि त्यात मी एक असा निघालो की आई पाहुण्यांना सांगायची, याले बोलता येते, पण हा ते वापरत नाई. मला पुस्तकं आवडायची. चांद्याला राहून मास्तरकीचं शिकलो आणि नेमणूक झाली ती सावलीला, तेव्हापासून इथंच आहे. तुम्ही विचारलंत कोणते शिनेमे पाहावेत, आणि मी कुठून सुरुवात केली बघा. पण काय सांगू तुम्हाला, रत्नाचं सांगितल्याशिवाय मला शिनेमाचं सांगता येत नाही.

रत्ना माझी बायको. तिचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला. लग्न होऊन ती डोंग्यात बसून अलीकडे आली. डोंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेली नाव, आमच्याकडे नदी त्यातूनच ओलांडतात. ती म्हणायची, अजी, मी सासरी आली तवा पाय ओले होते, ते अजून वाळलेच नाई. मी काहीतरी उत्तर द्यावं म्हणून थांबायची, आणि मी दिलं नाही की स्वतःच हसायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. ती बोलायची आणि मी ऐकायचो, असं आमचं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

धान निघालं, बांध्या, म्हणजे आमची धानाची शेतं, कोरड्या पडल्या, की बशीरभाईंचा तंबू यायचा. दोन बैलबंड्यांवर कनाती आणि खांब, तिसरीवर इंजिन आणि मशीन. शाळेमागच्या पडीक बांधीतच तो तंबू दरवर्षी लागायचा, खांबही त्याच खड्ड्यांत उभे राहायचे. अंधार पडायला लागला की इंजिन धडधडायचं, आणि तो आवाज ऐकला की मी अजूनही हातातलं टाकून उठतो. पडदा तंबूच्या अगदी मधोमध. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या मागे बाया. तुम्हाला खोटं वाटेल, पण पातळ कापडातून चित्र मागेही तसंच उमटतं, फक्त उलटं. अक्षरं उलटी, माणसं उलटी. तलवार उजव्या हातातली तिकडे डाव्या हातात. बायांच्या बाजूची कनात उचलून एकेकीला आत घेणारी पार्वताबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिची तर खात्रीच होती की शिनेमातले समदे लोक डावरे असतेत. तिची नात डाव्या हातानं जेवायची म्हणून घरात मार खायची, तर ही सगळ्यांना दटावायची, मारू नका वो तिले, ते शिनेमात जाईन.

खेळ संपला की मी कनातीबाहेर उभा राहायचो, रत्ना यायची, आणि आम्ही बांधावरून घरी निघायचो, ती पुढे, मी मागे. आणि ती मला तोच शिनेमा सांगायची जो मी आत्ताच पाहिला होता. सुरुवातीला आमची भांडणंच व्हायची. मी म्हणायचो, गाडी उजवीकडे गेली, ती म्हणायची, डावीकडे गेली, मी काय आंधळी हाय? शेवटी आम्ही असं ठरवलं की डावं-उजवं म्हणायचंच नाही, गाडी नदीच्या बाजूनं गेली म्हणायचं. ते मात्र दोघांचं जुळायचं. तेव्हापासून आमच्या बोलण्यात शिनेमातले सगळे रस्ते एक तर नदीकडे जात होते किंवा शाळेकडे.

आता तुम्ही विचारलेलं सांगतो. गर्दी व्हायची ती मारामारीच्या आणि देवादिकांच्या शिनेमांना. पण बशीरभाईंच्या पेटीच्या तळाशी काही जुनी रिळं पडलेली असायची, आणि नवं रीळ वेळेवर आलं नाही की ते नाइलाजानं ती लावायचे. त्यांतच खरं काय ते होतं. एक मुका शिनेमा होता, फार जुना, डाक घेऊन जंगलातून चालणाऱ्या हरकाऱ्याचा. बोलणं नाही, मध्ये मध्ये पाट्या यायच्या आणि पुरुषांच्या बाजूला मी त्या वाचून दाखवायचो, तेवढंच माझं बोलणं. बायांकडे पाट्या उलट्या, कोण वाचणार? तर रत्नानं मनानंच वाचल्या. घरी जाताना कळलं की माझ्या हरकाऱ्याला साहेबाची भीती होती, आणि तिच्या हरकाऱ्याला पलीकडच्या गावात एक बहीण होती, तिच्यासाठी तो धावत होता. पाटीवर तसं काही नव्हतं. पण मला आता तो शिनेमा आठवतो तेव्हा बहीणच आठवते. कुठं लागला तर पाहा, आणि पाट्या नाही वाचल्या तरी चालेल.

नव्यातलाही एक सांगतो, दोन वर्षांपूर्वी आला होता, जिथं गाडी थांबतच नाही अशा एका स्टेशनावरच्या मास्तरचा. रोज गाडी निघून जाते आणि तो हिरवं निशाण गुंडाळून आत जातो. शेवटी एकदा गाडी थांबते, उतरत कोणीच नाही, नुसती एक विसरलेली छत्री त्याच्या हातात देतात आणि गाडी जाते. बस, एवढंच. आमच्या इथले लोक अर्ध्यातून उठून गेले, म्हणे मूल गावच्या ठेसनावर बसलो तरी याहून जास्त पाह्यला भेटते. रत्ना तो पाहायला नव्हती. तिला तो आवडला असता, म्हणून मी तो लक्षात ठेवला.

पण डोंग्याचा शिनेमा वेगळा. त्याचं खरं नाव इथं कोणी म्हणत नाही, बायांकडे ते उलटंच दिसलं होतं. एक बाई आहे, नवरा बुडून गेल्यावर त्याची नाव तीच चालवते, माणसं, बकऱ्या, नवऱ्या मुली सगळ्यांना पार करते, केस पिकेपर्यंत. शेवटी वल्हं दुसऱ्याच्या हातात देते आणि पहिल्यांदा स्वतः उतारू होऊन नावेत बसते. वळून आपल्याकडे बघते. संपलं. तो एकदाच लागला, एका संध्याकाळी. पुरुष बिड्या ओढायला बाहेर गेले ते परत आले नाहीत. मी पुढे जवळजवळ एकटा होतो, आणि पडद्यामागून शंभर बायांच्या बांगड्या एकदम गप्प झाल्याचं मला ऐकू आलं. गप्प होणं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी बांधावरून जाताना रत्नानं नेहमीसारखा शिनेमा पहिल्यापासून सांगितला. मग म्हणाली, शेवटी तिच्या कपाळावर दिवा लागते, ते पाह्यलं का तुमी? मी म्हणालो, कसला दिवा? ती म्हणाली, अजी, दिवा, लहानसा, कपाळाच्या मधात. मी म्हणालो, रत्ना, तिथं दिवा नव्हता. ती थांबली, माझ्याकडे वळली, म्हणाली, तुमची नजर पुस्तकात गेली वाचून वाचून. आणि मग पुढची कितीतरी वर्षं हा आमचा खेळच झाला. भाकरी करता करता ती मध्येच म्हणायची, दिवा होता. मी वहीतून मान वर न काढता म्हणायचो, नव्हता. मला वाटायचं, हरकाऱ्याला बहीण दिली तसा तिनं या बाईला दिवा दिला असेल.

रत्नाला जाऊन आता पाचवं वर्ष लागलं. पावसाळ्यात ताप आला आणि उतरला नाही. नदी भरलेली होती, डोंगे बंद, तिच्या माहेरची माणसं पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. त्यावर आणखी काही सांगत नाही.

नंतर घरात फार शांत झालं. मला शांत आवडतं असं मी जन्मभर समजत होतो. भाकरी मीच थापायचो, आणि थापताना वाटायचं, आता मागून आवाज येईल, दिवा होता. आवाज यायचा नाही. मग मी डोळे मिटून ती शेवटची बाई आठवायचा प्रयत्न करायचो आणि तिच्या कपाळावर काही सापडायचं नाही. एवढंच मनात बसलं की तो शिनेमा एकदा पुन्हा पाहायचा. जे तिनं पाहिलं ते आपण पाहिल्याशिवाय राहू नये. हट्टच म्हणा.

तंबू आल्यावर मी बशीरभाईंकडे गेलो. ते मशीन पुसत होते. म्हणाले, गुरुजी, वो पिक्चर कौन देखते? नागपूरवरून पेटी मागवा, आणि तंबू खाली राहते. तुमी एकटे बसून पाहान का? मी म्हणालो, लोक आले तर? ते हसले, म्हणाले, लोक आणा, मी पिक्चर आणतो, जुबान देतो.

आता बघा, मी, ज्याला बोलता येतं पण वापरत नाही, तो आठवडी बाजारात उभा राहिलो. भाजीवाल्यांपाशी, कापडाच्या दुकानापाशी, जो भेटेल त्याला सांगायचो, एक चांगला शिनेमा येतोय, पाहा. लोक विचारायचे, त्यात मारामारी हाय का गुरुजी? नाही. नाच हाय? नाही. मंग हाय काय त्यात? मी म्हणायचो, नाव आहे, नदी आहे, एक बाई आहे. एक शेतकरी म्हणाला, हे समदं तर आपल्या घाटावर फुकट भेटते नं, त्यासाठी तंबूत काऊन बसावं? सगळे हसले, मीही हसलो, पण हललो नाही तिथून. मग पार्वताबाई टोपली घेऊन जाता जाता थांबली. म्हणाली, कोणता, तो डोंग्याचा? रत्नाचा? आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता बाजारभर सांगत गेली. काय सांगू तुम्हाला, मी चार बाजारांत जे करू शकलो नसतो ते तिनं भाजी घेता घेता केलं.

शिनेमा आला. पुरुषांच्या बाजूला मोजके लोक, तेही माझं मन राखायला आलेले. मागे मात्र बाया मावत नव्हत्या, कनात फुगून बाहेर आली होती. मी माझ्या नेहमीच्या जागेवर बसलो. पहिलं रीळ सरलं, दुसरं सरलं. नदी, वल्हं, पिकत जाणारे केस, सगळं तसंच. दिवा नाही. रीळ बदलायला उजेड केला तेव्हा पार्वताबाई खांबाला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला आली, सरळ माझ्यासमोर उभी राहिली, म्हणाली, गुरुजी, तिकडं तुमच्या रत्नाची जागा खाली हाय, आमी कोणाले बसू नाई देल्लं. तुमी इथी काय करून राह्यले? मी म्हणालो, पार्वताबाई, ती बायांची बाजू. ती म्हणाली, समद्या तुमच्या आईच्या नाई तं पोरीच्या वयाच्या हायेत, चला. कोणीतरी मागून म्हणालं, जा गुरुजी, आमी डोळे मिटतो. बशीरभाईंनी मशीन सुरू करायचं थांबवलं, मी पोचेपर्यंत.

मागच्या दुसऱ्या खांबाला लागून एक चटई होती. तिच्यावर खरंच कोणी नव्हतं, एवढ्या गर्दीत. मी बसलो. बाया थोड्या सरकल्या, पदर सावरले, आणि अंधार झाला.

आणि दिवा होता. पडद्याच्या पलीकडे मशीनचं भिंग माझ्याकडे तोंड करून होतं, त्याचा उजेड पातळ कापडातून आरपार येऊन एक लहानसा गोल तारा झाला होता, आणि सगळं चित्र त्याच्याभोवतीनं वाहत होतं. कधी तो पाण्यात होता, कधी झाडात. मी पार्वताबाईकडे वाकून हळूच म्हणालो, दिवा आहे. ती म्हणाली, मंग? तो तं असतेच. माह्या जागेवरून तो वल्ह्यावर येते. पलीकडून एक सून कुजबुजली, माह्या इथून खांद्यावर. तेव्हा मला कळलं की जो जिथं बसेल तिथून त्याचा दिवा वेगळ्या जागी पडतो, आणि मी जागचा हललो नाही, कारण शेवट आला होता. बाईनं वल्हं दिलं. नावेत बसली. वळली. मी रत्नाच्या जागेवर, खांबाला पाठ लावून बसलो होतो, आणि तो तारा बरोबर तिच्या कपाळाच्या मधात आला आणि थांबला.

मी मोठ्यानं म्हणालो, होता. सगळ्या बायांनी ऐकलं. कोणी हसलं नाही.

त्या दिवशी बांधावरून एकटा घरी आलो, पण पुढे जागा सोडून, मागे मागे चालत. शिनेमा मी सांगितला या वेळी, सगळा, पहिल्यापासून.

आता बशीरभाई दर हंगामात डोंग्याचा शिनेमा एकदा लावतात, दिलेल्या शब्दासाठी नाही, बायांच्या धाकानं. बाजारात लोक मला थांबवून विचारतात, गुरुजी, यंदा कोणता पाहाचा? आणि मी सांगतो, हो, मी सांगतो, आई असती तर तिला खरं वाटलं नसतं. यंदाचं धान निघालं आहे. परवा बांधीत जाऊन आलो, खांबांचे खड्डे अजून बुजलेले नाहीत. तंबू आला की तुम्हाला कळवीन, तुम्ही या. मागच्या बाजूला बसू, पार्वताबाई कुरकुर करेल, करू द्या. अंथरायला काहीतरी आणा, खाली पसरलेलं धानाचं तणस फार टोचतं. दिवा तुम्हाला कुठूनही दिसेल, पण कपाळावर फक्त त्या एका चटईवरून येतो, आणि तिथं मी बसलेला असेन. शेवटचं रीळ लागलं की माझ्या हाताला हात लावा. मी सरकतो.