रोज बाजरीचा अर्धा दाणा

बीडच्या एका दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसली होती. मनगटाला पट्टी बांधलेली शिरूर कासारची केशरबाई, आणि गुडघ्यासाठी आलेले म्हातारे जलालुद्दीन मेस्त्री.

"कशानं कापलं, बाई?"

"ऊस तोडताना कोयता लागला. डाक्टरनं नस शिवली, पर बोटं मेल्यावानी हायत. परवा तव्यावर भाजली, तर वास आल्यावर कळलं."

"शिवून किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"मंग येईल. नस रोज बाजरीच्या अर्ध्या दाण्याएवढी वाढती. बोटापर्यंत जायला सहा महिने धरा."

"तुमाला कसं ठाव?"

"आमची लेक नाजिया बंगळूरला त्याच्यावरच संशोधन करती. तुटलेली नस परत कशी वाढवायची, एकोनीस वर्षं तेच."

"एवढी वर्षं कावून?"

"ती आठवीत होती, तवा माझा हात गिरणीच्या पट्ट्यात गेलता. नस शिवणारं हितं कोनी नव्हतं."

"बघू हात. चिमटा घेते. कळलं?"

"न्हाई. थांबा, तिचाच फोन हाय. बोल बेटा. हां, करंगळीला थोडं थोडं कळायलंय. बरं, ठेव."

"लेकीशी खोटं कावून बोललात?"

"तिला ठाव हाय, बाई. इतक्या जुन्या जखमेचं काय होतं, ते तिच्याइतकं कुनाला ठाव? तरी दर जुम्म्याला इचारती."

"अन् तुमी?"

"मी फोन यायच्या आधी चिमटा घेऊन बघतो. आज तुमी घेतला."