ताजी आहे का?

हसू नका, पण तंजावरात क्राफ्ट बिअर शोधायची दुर्बुद्धी मला एकदा झाली. पुण्याहून आतेभाऊ आला होता आणि त्याला ताजीच हवी होती. आमच्याकडे बाटली मिळते ती फक्त सरकारी दुकानात. तिथल्या जाळीतून मी विचारलं, "क्राफ्ट बिअर आहे का? ताजी?"

विकणारा म्हणाला, "सार, थंड आहे का, असं विचारतात. ताजी आहे का, हे आजवर कुणी विचारलं नाही."

सगळी रांग हसली. मी आतेभावाला मराठीत म्हटलं, "चल, सगळा शिळा माल आहे."

तर रांगेतूनच मराठीत आवाज आला, "अगदी बापावर गेलास रे!"

तोंडाला टॉवेल गुंडाळलेले ते गृहस्थ म्हणजे आमच्या भजनातले पेटीवाले राममामा, अप्पांचे जुने मित्र. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "घरी सांग, कॉफीच्या दुकानात भेटलो."

मला एकदम अप्पा दिसले. दर शनिवारी संध्याकाळी ते कॉफीची पूड आणायला जायचे आणि वेलदोडा चघळत रिकाम्या हातानं परतायचे. म्हणायचे, "आज ताजी नव्हती." आता अप्पा नाहीत.

घरी आईला सांगितलं, "राममामा कॉफीच्या दुकानात भेटले."

फिल्टरवर झाकण ठेवत ती म्हणाली, "तुझ्या अप्पांनाही तिथंच भेटायचे. पण जन्मभर खेपा घालून ह्यांना ताजी पूड काही मिळाली नाही बघ."