विहिरीला कोबा

मंडळी, जरा पुढं सरका, मागच्यांना टेकू द्या. तुम्हाला एक विचारतो. ज्याच्यावर आपली माया, त्याची काळजी घेता घेता आपणच त्याचा जीव कोंडतो — होतं का असं कधी? नाही म्हणता? बरं, मग ऐका.

देगलूरच्या खाली, तेलंगणाच्या शिवेला बोरखडकी नावाचं गाव. तिथला दगड लालसर, ठिपक्याठिपक्यांचा, अन् असा कंजूष की पोटात थेंब ठेवत नाही! मग पाणी राहतं कुठं? वरचा दगड झिजून मुरूम झालेला असतो, त्यात. अन् खाली कातळाला भेगा असतात, त्यात. तेवढंच. बाकी सगळा ठणठणीत कोरडा.

त्या गावात ग्यानोबा होता. येलप्पा वडाराला जोडीला घेऊन त्यानं विहीर खणली. आतून दगडावर दगड रचले, मधे सिमेंट नाही, चुना नाही. अकरा घरं तिचंच पाणी प्यायची. ग्यानोबाची बायको चांगुणामाय ओसरीवर बसायची, अन् पाण्याला आलेली प्रत्येक बाई तिच्याशी दोन शब्द बोलूनच घागर उचलायची.

ग्यानोबा गेला. पोरगा दिगंबर — बापावर फार जीव हो त्याचा. म्हणाला, बापाच्या विहिरीत गवत, बेडकं? शोभत नाही. उन्हाळ्यात शहरातून गवंडी आणला. आतून चारी बाजूंनी सिमेंटचा गिलावा, अन् तळाला कोबा! हसू नका, आपल्यातही आहेत असे. पायऱ्यांसमोर आतल्या भिंतीत पाटी बसवली, ‘कै. ग्यानोबा यांच्या स्मरणार्थ’.

पावसाळ्यात वरून पडलं तेवढं साचलं. कार्तिकात कोबा उघडा पडला.

दिगंबरनं काय करावं? शेजारी शेषेरावानं त्याच उन्हाळ्यात बोअर पाडलं होतं. झालं! “यानंच माझं पाणी ओढलं.” बोलणं बंद. आईला जारचं पाणी आणून दिलं, गार. पण बायका यायच्या थांबल्या. चांगुणामाय ओसरीवर एकटी. महिनाभरात तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही.

मग एक दिवस म्हातारीनंच येलप्पाला सांगावा धाडला. तो काठी टेकत आला, पायऱ्या उतरला. हातोडीनं भिंत वाजवत फिरला अन् पाटीपाशी थांबला.

“दिगू, बाळा, कोणी चोरलं नाही तुझं पाणी. भिंतीच्या मागं उभंय. मोठा झरा इथं होता, शेषेरावाच्या रानाकडून यायचा. तूच दारं लावून घेतलीस.”

“मग फोडायचं कुठं?”

येलप्पानं पाटीवर बोट ठेवलं.

दिगंबरच्या हातात पहार, पण हात उठेना. बापाचं नाव होतं हो तिथं! वरून काठाला धरून आई म्हणाली, “लेकरा, तुझा बाप पाटी लावायला उतरला नव्हता त्या विहिरीत. मार.”

मारली. पाटी दुभंगली, गिलावा पडला. आधी दगडांच्या फटींतला मुरूम ओला दिसला. मग करंगळीएवढी धार आली, गढूळ. मग निवळली. दिगंबर तिथंच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला, अन् खरं सांगतो, हे सांगताना मलाही रडू येतं.

चार दिवसांनी पहिली घागर भरली, ती घेऊन तो शेषेरावाच्या दारात गेला. “भाऊ, तुझ्या रानातलं पाणी बाप जन्मभर प्याला. अन् मी तुलाच चोर म्हणालो.”

शेषेराव म्हणाला, “पाणी आलं व्हय? मायला सांग, आमची मंडळी उद्या घागर घेऊन येतेय.”

दुसऱ्या दिवशी चांगुणामायनं बायकांशी बोलता बोलता दीड भाकरी खाल्ली.

मंडळी, त्या विहिरीचं स्वतःचं पाणी कधी नव्हतंच. जे झिरपत होतं ते दुसऱ्यांच्या रानातलं. माणसाचंही तेच आहे. आता तुम्ही. होय, खांबापाशी बसलेले, तुम्हीसुद्धा. म्हातारीला वेगळी खोली दिलीत, पंखा दिलात, जार दिलात. देव भलं करो तुमचं. पण तिच्याशी बोलायला शेवटचं कोण आलं होतं, आठवतंय का? घरी गेल्यावर तिलाच विचारा. आता टाळ उचला, नाम घेऊ.