विमानाची पट्टी

मिरजगावच्या स्टँडवर नूरुद्दीन एस.टी.ची वाट पाहत बसला होता. पुढल्या गावातल्या एका बागायतदाराने फवारणीसाठी विमान घेतलं होतं आणि आधीचा पायलट सोडून गेल्याने त्याच्या जागी तो उद्या रुजू होणार होता. शेजारी त्याच गावचे दोन पंचायत सदस्य बसले होते, गहिनीनाथ आणि छबूबाई. ते कर्जतला तालुक्याच्या कचेरीकडे निघाले होते.

"सायबाला नीट इचारा, भावजी. इमानाला पट्टी कोनची, घराची का गाडीची?"

"गाडीची. चाकं हायेत की त्याला."

"वर गेल्यावर चाकाचा काय उपेग?"

"मग घरपट्टी लावू."

"घर कदी उडून शेजारच्या गावात जातं व्हय?"

"ते ऱ्हाऊ द्या, वैनी. पट्टी थकली, तर कोंडवाड्यात तरी मावंल का ते?"

"लई ताणलं तर मालक इमान तिकडं लांब राहुरीला न्हेऊन ठेवील."

"ठेवू दे."

"नगं, भावजी. आमच्या सासूबाई अंथरुनाला खिळल्यात. इमान उडायच्या येळंला खाट अंगनात काढाया लावत्यात. ते बगितलं की भाकरी मागून खात्यात."

गहिनीनाथने हातातला कागद घडी करून खिशात घातला.

"मग सायबाला काय इचारायचं?"

"काय बी न्हाई. बाजार करून घरी जाऊ."

नूरुद्दीनला राहवलं नाही.

"बाई, खाट किती वाजता बाहेर काढता?"

"तुमाला कशापायी?"

"उद्यापासून विमान मी चालवणार आहे."

छबूबाईने पदर सारखा केला.

"मग जरा उशिरा उडवा, दादा. सकाळी म्हातारीची आंगूळ असती."