नोट कुणाच्या नावाची

हॅलो? … हो, प्रीतीच. बोल राजसी.

नाही गं, महिनाभर व्हॉट्सॲप उघडलंच नाही, म्हणून उत्तर नाही दिलं. … काय पाठवलंयस? … कुठला व्हिडिओ?

हो. अंबरनाथच्या लॉनवर तुमच्या पंक बँडचा कार्यक्रम, तो रविवार. आठवतोय की. सगळा आठवतोय. चारला सुरू होणार होतं, साडेपाच झाले. व्यवस्था जाळायला निघाले आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरी विसरले.

हसू नकोस. … हो, सगळ्यांत पुढे मीच नाचत होते. स्का वाजलं, ती उलट्या ठेक्याची गिटार, वर ट्रम्पेट, की माझे पाय राहत नाहीत. आवडतं म्हणूनच राग येतो ना! तुमचा समीर माइकवर 'कुणाची चाकरी करू नका' म्हणून घसा फोडतो. आणि लॉनचा मॅनेजर येऊन म्हणाला, पावणेआठला आवरा, हळदीचं डेकोरेशन लावायचंय, तर हा काय म्हणाला? 'हो सर.' मी ऐकलं.

किती जणांनी पाहिला? … दोन लाख? … बरं. … 'पंकवाल्या काकू'. हं. हे नाव कुणी ठेवलं? … समीरनेच. वा.

हो, हो… अगं ऐक ना. त्या नाचायला नव्हत्या आल्या. 'गाण्याचा कार्यक्रम' एवढंच सांगितलं होतं त्यांना. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. एक गाणं आवडलं, उठल्या, पर्समधून वीसची नोट काढली, स्टेजकडे चालू लागल्या. आणि एकमेकांच्या छातीवर आदळणारी तुमची बंडखोर पोरं 'सॉरी काकू, सॉरी काकू' करत बाजूला झाली. क्रांती तेवढ्यात संपली.

टी-शर्ट? … त्यांचा फोटो? हातात नोट धरलेला? … छापलेसुद्धा?

कुणाला विचारून छापलेत, राजसी?

नाही, चिडले नाही. … काय म्हणाला समीर? 'पैशाच्या सत्तेची खिल्ली'? मुलाखतीत? … कमाल आहे. अगं, खिल्ली कसली! आमच्याकडे भीमजयंतीला गाण्यांचा कार्यक्रम असतो. कुळगावात, चामटोलीत, कुठेही. गाणं आवडलं की स्टेजवर जायचं आणि गायकाच्या हातात नोट द्यायची. दहाची असो, वीसची असो. दाद असते ती. समीरला काय कळणार? त्याने नोट डोक्यावर नाचवली आणि 'आंटी रॉक्स' म्हणून ओरडला. कळलं फक्त रामभाऊंना.

कोण रामभाऊ म्हणजे? ट्रम्पेट! उल्हासनगरच्या लग्नाच्या बँडमधून आणलेले म्हातारे. दोन महिने तुमच्याबरोबर वाजवतायत आणि तुला नाव माहीत नाही. अख्ख्या बँडमध्ये सुरात तेवढेच होते. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं आणि हात कपाळाला नेऊन त्यांना सलाम केला. तेही आहे व्हिडिओत. … कापलंत? … कापणारच.

बदलापूरच्या कार्यक्रमाला? स्टेजवर बोलवायचंय, त्यांना? … नाही. नंबर नाही देता येणार. … राजसी, नको. … कारण तो लागणार नाही.

वारल्या त्या.

… दुसऱ्याच दिवशी. सोमवारी सकाळी. जीन्सच्या कारखान्यात, शिलाई मशीनवर. सुईत दोरा ओवत होत्या म्हणे. … हार्ट. … नाही, तुमच्यापैकी कुणालाच नाही कळवलं.

श्रद्धांजलीचं गाणं नको. समीरला सांग, दोन मिनिटं गप्प बसलास तरी पुष्कळ.

… रडत नाहीये. विचार काय ते.

माइकपाशी त्यांचे ओठ हलतायत… हो. माहितेय मला. ड्रममुळे तुम्हाला ऐकू येत नाही, मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. नाव सांगत होत्या. नोट देताना नाव सांगायचं असतं, मग गायक ते पुकारतो. 'अमक्याकडून वीस रुपये.' पुष्कळदा ते नाव देणाऱ्याचं नसतंच. पोराबाळांचं असतं.

माझं.

… हो, माझं. 'प्रीतीकडून.' दोनदा म्हणाल्या. समीरने पुकारलंच नाही. आणि मला… मला त्या वेळी बरंच वाटलं, नाही पुकारलं ते.

का म्हणजे?

तू माझा दंड धरून विचारलं होतंस, 'कोण गं या?' हसत होतीस. सगळेच हसत होते. मी काय म्हटलं होतं? … हो. 'आमच्या शेजारच्या काकू.' बघ, तुझ्या नीट लक्षात आहे. तिनेही ऐकलं असणार. पायऱ्या उतरून आपल्याकडेच येत होती. मग तिथेच थांबली, पर्स नीट केली आणि मागे जाऊन खुर्चीत बसली. परत येताना रिक्षात एका शब्दाने बोलली नाही त्याबद्दल. म्हणाली, पोरगा जीव तोडून गातो, पण त्याला घसा जपायला सांग.



शेजारची नव्हती गं ती. माझी आई होती.