प्रार्थना झाली की उठायचं

नारीन गावी जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"आपा, तुमच्या गावात ख्रिस्ती लोक त्यांचा धर्म शिकवायला आलेत म्हणे?"

"आलेत ना. पहिल्याच दिवशी मी मेंढी कापली, तर घास घेण्याआधीच यांची प्रार्थना!"

"अगंबाई! आपल्यात तर प्रार्थना झाली म्हणजे जेवण संपलं की!"

"तेच ना! आम्ही रिवाजाप्रमाणे तोंडावरून हात फिरवून उठलो, सुनेनं ताटं उचलली. मला वाटलं, माझं मटण आवडलं नाही मेल्यांना."

"आणि ते?"

"उपाशी! दुसऱ्या घरीही तेच. शेवटी मीच त्यांच्या तरुण गुरुजींना दटावलं, बाळा, आधी खा, मग प्रार्थना कर. आता चापून जेवतात."

"आणि शिकवतात कसं?"

"छान गोष्टी सांगतो गं पोरगा. फारच लांबवलं, तर मी तोंडावरून हात फिरवते. सगळं गाव उठतं."